जाते, तसबी आणि कष्टकऱ्याचा विसावा



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांना वाटले असावे, की हा गृहस्थ मजुरी, बोनस आणि भविष्यनिर्वाह निधी यांवर बोलेल. आमचे आयुष्य त्यातच गेले आहे. विडी कामगार, भातगिरण्यांतले हमाल, तेंदूपत्ता तोडणाऱ्या आदिवासी बाया यांच्या सभांपलीकडे आम्हांला सभा ठाऊक नाहीत, आणि दहावीपुढचे शिक्षण आम्ही गोंदियाच्या फलाटावर गाडीची वाट पाहत, हाती येईल ते पुस्तक वाचून केले. तरीही आज आम्ही विषय घेतला आहे तो मनाच्या विसाव्याचा. आणि तोही मुसलमान कष्टकऱ्यांनी सहासातशे वर्षे जपलेल्या एका साधनेच्या वाटेने. आम्ही जन्माने मुसलमान नाही. तेव्हा हे बोलणे बाहेरच्या माणसाचे आहे, हे श्रोत्यांनी आधीच ध्यानी घ्यावे.

विषयाला कारण झाली एक म्हातारी. सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही संघटनेच्या कामात नवे होतो. गावातल्या एका मोहल्ल्यात विडी वळणाऱ्या बायांची बैठक होती. छाटीचा प्रश्न चिघळला होता. ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : बाई दिवसभर बसून हजार विड्या वळते, संध्याकाळी कारखान्याचा माणूस त्या तपासतो आणि ज्या त्याला पसंत पडत नाहीत त्या बाजूला टाकतो. ती छाट. छाटीचे पैसे मिळत नाहीत. पान खराब दिलेले असो, तंबाखू कमी पडलेला असो, भरपाई बाईने करायची. त्या काळजीने कित्येक बायांची झोप उडाली होती. आम्ही तावातावाने बोललो. मांडीवर सूप घेऊन बसलेली एक खाला बोटांनी विड्या वळत होती आणि ओठांनी काहीतरी पुटपुटत होती. आम्हांला राग आला. आम्ही म्हटले, "खाला, जप नंतर करा. आधी सभेकडे लक्ष द्या. जपाने छाट कमी होत नाही." तिने मान वर केली नाही. म्हणाली, "भाऊ, तुमची सभा आठवड्यातून एकदा. रात्र तर रोजच येते."

त्या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढे कित्येक वर्षे ते आमच्या मागे लागले, आणि त्यातून जे वाचन घडले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

ती खाला जे करीत होती त्याला 'जिक्र' म्हणतात. अरबी शब्द आहे, अर्थ स्मरण. ईश्वराचे नाव घ्यायचे, पुन्हा पुन्हा घ्यायचे, आणि श्वासाशी त्याची गाठ घालायची. मोठ्याने केला तर तो जली, मनातल्या मनात केला तर खफी. नमाजाला वेळ ठरलेली, दिशा ठरलेली, आधी हातपाय धुणे आले. जिक्राला यातले काहीच बंधन नाही. चालताबोलता, गाडा ओढताना, अंथरुणाला पाठ टेकल्यावर तो करता येतो. नमाजानंतर तसबीवर, म्हणजे माळेवर, तेहतीस, तेहतीस आणि चौतीस अशी शंभराची मोजणी करण्याचीही रीत आहे. स्मरणाने अंतःकरणे शांत होतात या आशयाची आयत कुराणाच्या तेराव्या सुरेत आहे, आणि जिक्राचे समर्थन करणारे सगळे तिचाच आधार देतात.

महाराष्ट्राच्या भूमीत ही साधना संघटितपणे आणली ती चिश्ती सूफींनी. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब चौदाव्या शतकात दौलताबादेस आले आणि १३३७ साली वारले; त्यांची समाधी खुलदाबादेस आहे. त्यांच्या बैठकीतील बोलणे एका शिष्याने फार्सीत टिपून ठेवले. त्या ग्रंथाचे नाव 'नफाइस-उल-अन्फास', म्हणजे अमोल श्वास. आम्हांला या नावाचे फार कौतुक वाटते. आम्ही कामगारांचे तास मोजले, दिवस मोजले, विड्या तर हजारांनी मोजल्या. श्वास मोजण्याजोगी वस्तू आहे हे आमच्या ध्यानीही आले नव्हते. आपल्याकडे नाथपंथी आणि वारकरी यांना ही गोष्ट परकी नव्हती. म्हणूनच श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठी ओवीत लिहू शकले, आणि त्यांना वाचणाऱ्यांना त्यात काही विपरीत वाटले नाही.

परंतु पीठ, खानका, ग्रंथ ही सर्व शिकल्यासवरल्यांची सामग्री. ज्या बाईला पहाटे तीनला उठून दळण दळायचे आहे, तिच्यापर्यंत हे कसे पोहोचले? याचे उत्तर आम्हांला रिचर्ड ईटन या अमेरिकन इतिहासकाराच्या १९७८ सालच्या ग्रंथात सापडले. तो ग्रंथ आहे विजापूरच्या सूफींविषयी. ईटन दाखवतात, की विजापूर भागातील चिश्ती घराण्यांनी, आणि त्यांच्या वळणाने पुढे इतरांनी, दखनी बोलीत लहान लहान गाणी रचली. काही जात्यावर म्हणायची, काही चरख्यावर. त्यांना नावेही तशीच होती : चक्कीनामा, चरखानामा. जात्याच्या खुंट्याला अलिफ या अक्षराची, म्हणजे अल्लाच्या नावातील पहिल्या अक्षराची, उपमा द्यायची. जाते फिरते त्या लयीत नाव घ्यायचे. चरख्याची घरघर हाच जिक्र मानायचा. दखनी बोली आपल्या मराठीच्या मांडीला मांडी लावून वाढलेली. जात्यावरच्या ओवीला ज्यांचे कान सरावले आहेत त्यांना हे गाणे कानी पडताच ओळखीचे वाटले असणार.

येथे थोडे थांबावे असे आम्हांला वाटते. इतिहासाच्या पुस्तकांत सूफींविषयी लिहिताना राजेरजवाड्यांनी दिलेल्या जमिनी, इनामे, चमत्कार यांचीच वर्णने असतात. दळणाऱ्या बाईला कोणी इनाम दिले नव्हते. पण तिच्यासाठी कोणीतरी बसून, तिच्या मनगटाच्या गतीत बसेल असे गाणे केले, हे आमच्या मते त्या सर्व इनामांपेक्षा मोठे काम आहे. हे जाणून केले की धर्मप्रसारासाठी केले, यावर विद्वानांचे वाद आहेत. वाद चालू द्यावेत. जाते जड असते, आणि गाण्याने ते हलके होते, एवढे आमच्या आईने आम्हांला दाखवून दिले आहे.

याच धाग्याचे दुसरे टोक औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास आहे. तेथील पाणचक्की पाहायला आपल्यापैकी बरेच जण गेले असतील. लांबून मातीच्या नळांनी पाणी आणून ते उंचावरून खाली सोडले आहे आणि त्याच्या जोरावर जाते फिरते. हे स्थान नक्शबंदी पंथाच्या बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याचे. बुखाऱ्याकडून आलेले हे फकीर औरंगजेबाच्या काळात येथे स्थिरावले आणि १७१४ च्या सुमारास वारले. पाणचक्की त्यांच्या पश्चात, अठराव्या शतकाच्या मध्याला सिद्ध झाली. आल्यागेल्या फकिरांना आणि गोरगरिबांना भाकरी मिळावी, म्हणून ती दळीत असे. नक्शबंदी पंथाचा कटाक्ष मूक जिक्रावर. गर्दीत राहून एकांत साधावा आणि हात कामात ठेवून चित्त प्रियतमापाशी ठेवावे, अशी त्यांची शिकवण. पंथाचे मूळ पुरुष बहाउद्दीन यांचे 'नक्शबंद' हे नाव कापडावर नक्षी काढण्याच्या धंद्यावरून आले असे परंपरा सांगते. सूफींची जुनी नावे वाचत गेले तर हा अनुभव वारंवार येतो. हल्लाज म्हणजे पिंजारी. अत्तार म्हणजे अत्तरे आणि औषधे विकणारा. ही कारागिरांची नावे आहेत, आणि आमच्यासारख्याला अशी यादी वाचताना एखाद्या युनियनचे सभासदपुस्तक वाचल्यासारखे वाटते.

आता आपल्या अंगणात येऊ. गोंदियापासून गाडीने काही तासांवर नागपूर, आणि त्याच्या अलीकडे कामठी. १८२१ साली इंग्रजांनी तेथे छावणी वसवली. त्या छावणीत, मद्रासी पलटणीतील एका सुभेदाराच्या घरी, १८६१ साली एक मुलगा जन्मला. तो पुढे ताजुद्दीन बाबा म्हणून प्रसिद्धीस आला. आईबाप लहानपणीच गेले. आजीने आणि मामाने वाढवले. कन्हानला पूर आला आणि मामाचे फार नुकसान झाले, म्हणून तरुण ताजुद्दीन पलटणीत भरती झाला, असे चरित्रकार सांगतात. पलटण सागरला गेली. तेथे दाऊद मक्की या सूफींची समाधी आहे. दिवसा कवायत करायची आणि रात्र समाधीपाशी जिक्रात काढायची, असा त्याचा क्रम सुरू झाला.

पुढे जे झाले ते सांगताना चरित्रांत चमत्कार येतात. एकाच वेळी बराकीत आणि समाधीपाशी दिसला वगैरे. ते आम्ही बाजूला ठेवतो. चमत्कार वजा जाता जे उरते तेच आम्हांला अधिक विचार करायला लावते. एका शिपायाने नोकरी सोडली. कामठीस परतून तो रस्त्यावर फिरू लागला. अंगावरच्या कपड्याची शुद्ध नाही, खाण्याची नाही. पोरे दगड मारीत. घरच्यांनी औषधोपचार केले. अखेर १८९२ च्या ऑगस्टात सरकारने त्याला नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकले, आणि तेथे तो सोळा वर्षे राहिला. सोळा वर्षे! जन्मठेपेचा कैदीही त्या मुदतीत सुटतो.

आणि आश्चर्य असे, की लोक त्या इस्पितळाच्या दाराशी येऊ लागले. ज्याला वेडा ठरवून कोंडले त्याच्यापाशी शहाणी माणसे मन हलके करायला येत होती. कोणाचे मूल गेलेले, कोणाचा दावा चाललेला, कोणाची नोकरी सुटलेली. १९०८ साली नागपूरच्या भोसले घराण्यातील राजे रघुजीराव यांनी जामीन भरून त्यांना सोडवले आणि शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात ठेवले. हिंदू राजा, मुसलमान फकीर, इंग्रजांचे इस्पितळ. राज्य गेलेला राजा आणि पलटण सोडलेला शिपाई यांनी एकमेकांत काय पाहिले असेल, याचा आम्ही पुष्कळदा विचार केला आहे. पुढे बाबा काही काळ कन्हानकाठच्या वाकी गावी एका पाटलाच्या आश्रयाने राहिले. तेथे त्यांनी एका जागेला मदरसा म्हटले, एकीला शफाखाना. भिंती नाहीत, छप्पर नाही. नुसती झाडाखालची जागा. जो ज्या दुःखाने आला त्याला त्या जागी बसायला सांगायचे. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबा वारले. त्यांची समाधी नागपूरच्या ताजबागेत आहे, आणि उर्साला आमच्या जिल्ह्यातूनही माणसे जातात. मुसलमान जातात तशी इतर जातींचीही जातात.

नाईल ग्रीन या इंग्रज अभ्यासकाने हिंदी शिपायांच्या धर्मजीवनावर २००९ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ताजुद्दीन बाबांचे प्रकरण आहे. बराक आणि फकिरी यांचे नाते त्यात उलगडले आहे. तो वाचून आमच्या मनात जे आले ते येथे बोलून टाकतो. त्याचा दोष ग्रीनसाहेबांवर नाही. पलटण म्हणजे त्या काळचा सर्वांत मोठा कारखाना. तेथे माणसाचा श्वाससुद्धा बिगुलाच्या तालावर चालतो. जिक्रात श्वास आपल्या मालकीचा होतो. ताजुद्दीनला खरोखर काही मानसिक व्याधी होती की नव्हती, हे शंभर वर्षांनी ठरवणारे आम्ही कोण? पण त्याच्यापाशी येणाऱ्या हमालांना आणि विणकरांना तो आपल्यातलाच वाटला, यात आम्हांला नवल वाटत नाही. कामठीचे विणकर आणि विडी कामगार हेच पुढे बाबू हरदास यांच्या संघटनेत आले. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाकडून निवडून आलेले, 'जय भीम' या अभिवादनाचे प्रवर्तक म्हणून आपण ज्यांना ओळखतो, तेच हे हरदास. त्यांनी विडी मजुरांची संघटना बांधली आणि १९३९ साली, उण्यापुऱ्या पस्तिशीत, ते वारले. एकाच गावाने आम्हांला एक फकीर दिला आणि एक पुढारी दिला. दोघेही कष्टकऱ्यांत वावरले. आमच्या चळवळीतील लोक दुसऱ्याचेच नाव घेतात, दर्ग्यावर जाणारे पहिल्याचेच. आम्हांला वाटते, कामठीची विडी वळणारी बाई दोन्ही नावे घेत असेल.

आता मूळ आक्षेपाकडे वळले पाहिजे, कारण तो आमच्याच मनात होता. जप माणसाला थंड करतो, थंड झालेला माणूस लढत नाही, तेव्हा मालकाला जप करणारा कामगारच हवा असतो. हा आक्षेप खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. अशी उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. एका कारखानदाराने मजुरीवाढ नाकारून उर्साच्या लंगराला देणगी दिली, आणि कामगारांनीच त्याला हार घातले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

पण विसाव्याचा दुसराही इतिहास आहे. १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी रविवारची सुट्टी मागितली, तेव्हा रविवार हा खंडोबाचा वार आहे हेही कारण पुढे केले. ती सुट्टी १० जून १८९० रोजी मान्य झाली. लोखंडे सत्यशोधक. तरी कामगाराला विसावा मिळावा म्हणून त्यांनी खंडोबाला साक्षीला बोलावले. मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद राहतात, कारण विणकर जुम्याच्या नमाजाला जातो. म्हणजे ज्या वेळावर मालकाची सत्ता नाही असा वेळ कष्टकऱ्याला पुष्कळदा देवाच्याच नावाने मिळाला. कायद्याने तो नंतर दिला. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने कामाचे तास ठरवले, साप्ताहिक सुट्टी दिली, छाटीवर मर्यादा घालण्याची तरतूद केली. १९७६ मध्ये कल्याण निधी आला. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईपर्यंत यातले किती पोहोचले, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे आणि त्याला आम्हांला कोणी बोलावत नाही. असो.

शरीराच्या अंगानेही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात २००१ साली इटलीतील डॉक्टरांचा एक प्रयोग छापून आला. तेवीस माणसांना लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणायला लावले. दोन्हींच्या वेळी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास उतरला, आणि हृदयाची व रक्तदाबाची लय सुधारली. ही माळ युरोपात अरबांकडून आणि अरबांकडे हिंदुस्थान-तिबेटकडून गेली असावी, असाही तर्क त्यांनी केला आहे. प्रयोग लहान, आणि जिक्र त्यात नव्हता. तेव्हा त्यावरून फार मोठा इमला बांधू नये. पण गाण्याच्या, जपाच्या लयीने श्वास संथ होतो आणि संथ श्वासाने जीव निवतो, हे जात्यावरच्या बाईला प्रयोगशाळेवाचून कळले होते, एवढे म्हणायला हरकत नाही.

याला लागूनच एक इशारा द्यायचा आहे, आणि तो मऊ शब्दांत देता येत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे, दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. तेथे मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवले होते. अठ्ठावीस माणसे बांधलेल्या स्थितीत जळून मेली. दर्ग्याच्या कृपेने बरे व्हावे म्हणून त्यांच्याच माणसांनी त्यांना तेथे ठेवले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळी घालणे बंद केले आहे. रोजच्या काळजीने झोप न येणे वेगळे आणि आजार वेगळा. ज्याला आजार आहे त्याला डॉक्टरांकडे न्या. मग तसबी घ्या, माळ घ्या, हवे ते घ्या. आमच्या संघटनेतील एका तरुण सभासदाला आम्ही वेळेवर डॉक्टरांकडे नेले नाही. 'टेन्शन आहे, जाईल' असे आम्हीच म्हटले होते. त्याच्या बायकोच्या डोळ्यांकडे पाहण्याचे धैर्य आजही आम्हांला होत नाही.

आपल्या जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड आहे. महाशिवरात्रीला तेथे महादेवाची यात्रा भरते आणि त्याच परिसरात ख्वाजा उस्मान हारुनी यांच्या नावाचा दर्गा आहे. ख्वाजा उस्मान हे अजमेरच्या मोइनुद्दीन चिश्तींचे गुरू. त्यांची कबर मक्केस आहे असे इतिहास सांगतो. तेव्हा आमच्या जंगलात त्यांचे नाव कोणत्या फकिराने आणले, हे शोधणाऱ्याला येथे काम आहे. यात्रेत बेलाची पाने वाहून आलेला माणूस दर्ग्यापुढे उदबत्ती लावताना आम्ही पाहतो. त्याला विचारले तर तो तत्त्वज्ञान सांगत नाही. "जीवाला बरं वाटते," म्हणतो.

त्या खालाविषयी सांगायचे राहिले. छाटीच्या प्रश्नावर आम्ही पुढे कार्यालयापुढे धरणे धरले. पौषातली थंडी होती. पहिल्या रात्री शंभरावर माणसे होती, तिसऱ्या रात्री वीस उरली, आणि आमचाही धीर सुटत चालला होता. खाला तेथेच होती, घोंगडीत गुरफटलेली, हातात तसबी. आम्ही शेजारी जाऊन बसलो. घर, कर्ज, उद्या काय होईल, सगळे डोक्यात घोंगावत होते. तिने तसबी आमच्या हाती दिली आणि म्हणाली, "तुमचा जो देव असेल त्याचं नाव घ्या भाऊ. नसेल तर नुसता श्वास मोजा." आम्ही मोजत राहिलो. साठाच्या पुढे कुठेतरी आमचा डोळा लागला. चौथ्या दिवशी दुपारी बोलणी झाली आणि छाट निम्म्याने खाली आली. तसबी परत द्यायला गेलो तर ती विड्या वळत बसली होती, मान वर न करता म्हणाली, "ठेवा तिथं सुपाशी."